ऑक्सिजनचा शत्रू

“गाय कुठे आहे?” गुरांच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं मान वर न करताच विचारलं.

“गाय नाहीये... मी एकटीच आलेय.”

आता मात्र मान वर झाली. समोर ओढणीनं घाम टिपणारी, स्कूटीची किल्ली बोटात फिरवणारी मुलगी. डॉक्टर शिशिर दोन क्षण बघतच राहिला. मग गंभीरपणे म्हणाला, “मंग तुमाले काय तकलीफ आहे?”

इरावतीला हसू आलं, पण हसायला वेळ कुठे होता! बूढापारा मोहल्ल्यातून भर मार्चच्या उन्हात ती इथवर आली होती ती द्रवरूप नायट्रोजन मागायला. युनिव्हर्सिटीत ती रसायनशास्त्रात पीएचडी करत होती. तिचं एक रंगद्रव्य होतं. जांभळ्या दिव्याखाली धरलं की ते लालभडक चमकायला हवं. पण पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ती चमक विझवून टाकायचा. पाण्यात नायट्रोजन वायू सोडून ऑक्सिजन हाकलावा, तर लॅबचा सिलेंडर संपलेला, नवा यायला महिना. आणि तिच्या गाईडनी, श्यामकांत सरांनी, बजावलं होतं, शुक्रवारी चमक दिसली नाही तर विषय बदलायचा. दोन वर्षांची मेहनत पाण्यात!

शिशिरनं कोपऱ्यातल्या ॲल्युमिनियमच्या मोठ्या डब्याकडे बोट दाखवलं. “नायट्रोजन आहे. पण त्यात वळूंचं वीर्य गोठवून ठेवलं आहे, म्हणजे अख्ख्या तहसीलची पुढची वासरं, मॅडम. तुमाले दिला तर शेतकरी मले मारतील.”

ती लाजली, हिरमुसली आणि वळली.

“अहो, ऐका ना...” तो मागून आला. “तो ऑक्सिजन हाकलणंच जरुरी आहे काय? कोणी खाऊन टाकला तर?”

“खाऊन?”

“तुमचा विभाग कुठंसा आहे ते सांगा. उद्या येतो.”

तो येईल असं तिला मुळीच वाटलं नव्हतं. तरी गुरुवारी सकाळी तिनं निळा कुडता घातला, का कोण जाणे! आणि दुपारी तो खरंच दारात उभा. हातात पुरानी बस्तीतल्या बेकरीची कागदी पुडी.

“यीस्ट,” तो म्हणाला. “आम्ही गुरांच्या खुराकात देतो. जिवंत असते, श्वास घेते. थोडी साखर टाका अन् पहा, कशी ऑक्सिजन फस्त करते.”

इरावतीनं कपाळावर हात मारला. इतकं सोपं... आणि आपल्याला सुचलं नाही!

काळे पडदे ओढले. काचेच्या नळीत रंगद्रव्य, चिमूटभर साखर, चिमूटभर यीस्ट. वर बूच. दिवा लावला. काहीच नाही. पाच मिनिटं... दहा मिनिटं... पंखा बंद, दोघं घामाघूम, खांद्याला खांदा लागतोय की नाही इतकंच अंतर.

“नाही होणार,” ती पुटपुटली.

“थांबा ना, जेवून राहिली ती.”

आणि नळीच्या तळाशी एक अस्पष्ट लाली उमटली. वर सरकली. बघता बघता सगळी नळी जास्वंदीसारखी लाल!

“शिशिर!” ती ओरडलीच. डॉक्टर वगैरे विसरून तिनं त्याचा हात घट्ट धरला होता.

मग बूच काढून तिनं नळी हलवली. हवा आत गेली आणि चमक गप्पकन विझली. बूच लावलं, वाट पाहिली, पुन्हा लाल! कितीदा तरी केलं. दर वेळी दोघं लहान मुलांसारखी हसत सुटली.

शुक्रवारी सरांनी चष्मा काढून नळी पाहिली, पुन्हा चष्मा लावून पाहिली. “जिवंत पेशी किती श्वास घेते, हेच मोजता येईल की गं यावरून!” ते म्हणाले. विषय वाचला. वाचला कसला, मोठा झाला.

ती धावत बाहेर आली. गुलमोहराखाली शिशिर उभा होता, पण त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

“बदलीची ऑर्डर आली. जगदलपूर. सोमवारी जायचं आहे.”

नव्या राज्याची राजधानी झाल्यापासून शहरात रोज कोणी ना कोणी येत होतं, आणि याला नेमकं आत्ताच जायचं होतं!

“तुम्ही... काही बोलत काहून नाही?” त्यानं हळूच विचारलं.

“रविवारी घरी या,” ती एका दमात म्हणाली. “आई-बाबांना भेटायला.”

“अन् काय सांगू त्यायले?”

इरावतीनं मान उचलली. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या, पण नजर हलली नाही.

“सांगा... मले पोट्टी आवडली,” ती त्याच्याच बोलीत म्हणाली.

तो चेहराभर हसला. “अन् पोट्टीले?”

“पोट्टीनं काल संध्याकाळीच आईला सांगून टाकलं.”