पाचव्या अल्बममधला ड्रमर

“त्या हेडफोनमध्ये नेमकं वाजतं तरी काय हो?”

कानांची तपासणी करणाऱ्या त्या मुलीला आजवर लोकांनी काय काय विचारलं होतं. कानाचं मशीन पाण्यात पडलं तर? कुत्र्यानं चावलं तर? मशीन लावून भांडता येतं का? पण हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. विचारणारा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. शर्टाच्या बाहीवर लाकडाचा भुसा, आणि नजर थेट तिच्या चेहऱ्यावर. काचेपलीकडच्या आवाजबंद खोलीत त्याची आत्या हेडफोन चढवून, परीक्षेला बसल्यासारखी ताठ बसली होती.

“नुसतं टूं... टूं,” ती म्हणाली. “कधी जाड, कधी बारीक. ऐकू आलं की बटण दाबायचं.”

“बस? गाणं वगैरे काही नाही?”

“गाणं लावलं तर लोक बटण दाबायचं विसरतील.”

“ते गाण्यावर आहे,” तो गंभीरपणे म्हणाला. “पाचवा अल्बम लावलात तर कोणीही विसरणार नाही.”

“कुणाचा पाचवा अल्बम?”

झालं. पुढे कितीतरी दिवस तिला वाटत राहिलं, की आपण हे विचारलं नसतं तर आयुष्य केवढं शांत राहिलं असतं. आणि लगेच वाटायचं, कसलं डोंबलाचं शांत... दिवसभर आवाजबंद खोलीशेजारी बसणाऱ्या माणसाला शांततेचं काय कौतुक?

तो खिडक्या बनवायचा. लाकडी चौकटी, झडपा, काचा बसवणं, सगळं स्वतःच्या कारखान्यात. म्हणून तिनं मनातल्या मनात त्याचं नाव खिडकीवाला ठेवलं. आणि शाळेत असल्यापासून त्याला एका रॉक बँडचं वेड होतं. चौघांचा बँड, पाच अल्बम, आणि त्या पाचांवर याची मतं किती म्हणाल तर गाडीभर.

आत्याचं मशीन बसवायचं होतं, मग त्याचा आवाज कमी-जास्त करायचा होता, मग आत्याला स्वतःच्याच चपलांचा आवाज सहन होईना म्हणून पुन्हा यायचं होतं. दर खेपेला भाचा सोबत. आणि दर खेपेला एक अल्बम.

“पहिला म्हणजे काय, चार पोरांनी एका खोलीत केलेली आरडाओरड. पण खरी. कुणाला दाखवायला केलेली नाही.”

“आणि दुसरा?”

“दुसऱ्यात गिटारवाला प्रेमात पडलाय.”

“असं त्यानं सांगितलंय?”

“सांगायला कशाला हवं? तिसऱ्या गाण्यात तो दोन वेळा थांबतो. उगाच. वाजवायचं असतं तिथे वाजवतच नाही.” तो खुर्ची पुढे ओढून तिच्या टेबलावर झुकला. “माणूस असा कधी थांबतो, सांगा बरं.”

ती सांगू शकली नाही, कारण तीही थांबली होती. तो इतक्या जवळून, इतक्या लक्ष देऊन तिच्या ओठांकडे बघत होता की तिला पुढचा शब्दच सापडेना. शेजारी बसलेल्या आत्यानं नव्या मशीनचा फायदा घेत विचारलं, “काय झालं? बंद पडलं की काय माझं?”

त्यानंतरच्या खेपेला तिनं लिपस्टिक लावली. फिकीच, पण लावली. आरशात बघून स्वतःला दटावलंही. तपासणीला आलेल्या बाईच्या भाच्यासाठी? शोभतं का हे? शोभतं की नाही ते तिनं पुसून बघितलं, आणि पुन्हा लावली.

खरं तर तिला गाण्यापेक्षा त्याचं कुतूहल होतं. तिसरा अल्बम सगळ्यांना आवडतो, म्हणून याला त्याचा संशय येतो. चौथा एकट्यानं ऐकायचा असतो, कुणी खोलीत आलं तर तो बंद करतो, ते माणूस निघून गेलं की पहिल्यापासून लावतो. आणि पाचव्याचं नाव काढलं की याच्या कपाळाला आठ्या. का? तर ड्रमर. ड्रमच्या वर त्या पितळी थाळ्या असतात ना, ज्यांच्यावर काठी पडली की छन्न होतं, त्या त्यानं पाचव्या अल्बममध्ये वाजवायच्याच सोडून दिल्या. आळस. माज. नुसतं खाली धबधब करत बसलाय. सगळा अल्बम कसा गोधडीखाली ठेवून वाजवल्यासारखा.

“इतकी वर्षं तुम्ही एका माणसावर रागावून आहात?” तिनं विचारलं. “आणि त्याला पत्ताही नाही?”

“त्याला कळायला हवं होतं,” तो म्हणाला.

असा माणूस कुणाला बघायला मिळतो? तिनं बँडचे अल्बम फोनवर शोधले आणि येता-जाता बसमध्ये ऐकायला लागली. पहिला तिला गोंगाट वाटला. दुसऱ्यातल्या तिसऱ्या गाण्यात तो गिटारवाला खरंच थांबला, दोन वेळा, आणि तिनं ते गाणं लगेच पुन्हा लावलं. मग तिनं उत्सुकतेनं पाचवा लावला. आळशी ड्रमर ऐकू या म्हटलं.

आणि थाळ्या तर सगळीकडे होत्या.

पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत. बारीक, चमचमत्या, सतत. इतक्या की तिला वाटलं, आपण दुसराच अल्बम लावलाय. नाव बघितलं. तोच होता. पुन्हा ऐकला. ड्रमर बिचारा हात दुखेस्तोवर वाजवत होता.

पुढच्या खेपेला तिनं विषय काढला. “पाचव्यात थाळ्या आहेत हो.”

“नाहीत.”

“मी दोनदा ऐकलाय.”

“मी दोनशे वेळा ऐकलाय.” तो हसला, पण दुखावला गेल्यासारखा. “तुम्हाला माहीत आहे का, लोक मला मतं विचारतात. स्पीकर घ्यायचा तर आधी मला ऐकवतात. या कानांवर माझी फार भिस्त आहे.”

तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली. कारखाना. दिवसभराची करवत. “काम करताना कानांत काही घालता?” तिनं विचारलं.

“काही घातलं तर करवत काय म्हणतेय ते कळत नाही.”

“मग एकदा आत बसा ना. गंमत म्हणून. टूं-टूं ऐकायला.”

तो हौसेनं बसला. काचेपलीकडून त्यानं तिला अंगठा दाखवला. जाड आवाज तिनं अगदी हळू सोडले, तरी त्यानं झटक्यात बटण दाबलं. आत्या कौतुकानं म्हणाली, “बघ, लहानपणापासून तिखट कान आहेत त्याचे.” मग ती मुलगी बारीक, उंच आवाजांकडे वळली. थोडं वाढवलं. अजून थोडं. शेवटी तिच्या आणि तुमच्या-आमच्या कानांत सुई जाईल इतकं वाढवलं. आणि तो बटणावर बोट ठेवून, चेहऱ्यावर हसू घेऊन, पुढचा आवाज कधी येतो याची वाट बघत बसला होता.

तिला ते बघवेना.

त्या एका क्षणात तिला दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे ड्रमर निर्दोष होता. आणि दुसरी कळली तेव्हा तिचा चेहराच पडला. ज्यांचे बारीक आवाज जातात त्यांना ‘स’ आणि ‘श’ नीट ऐकू येत नाहीत. मग ती माणसं काय करतात? पुढे झुकतात. समोरच्याच्या ओठांकडे बघतात. नकळत, सवयीनं. कुणाच्याही. पोस्टमनच्यासुद्धा. ती रोज नवीन लोकांना हे समजावून सांगत होती, आणि स्वतः लिपस्टिक लावत होती.

याला मशीन लागलं, की याला ओठ बघायची गरज उरणार नाही. हा खुर्चीत मागे टेकून बसेल, बोलता बोलता छताकडे बघेल, आत्याचं काम झालं की निघून जाईल. गप्प बसावं का? तिनं खरोखर एक क्षण हा विचार केला, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

तो बाहेर आला तेव्हा तिनं त्याला आलेख दाखवला. सुरुवातीला सरळ जाणारी, मग एकदम खाली घसरणारी रेघ.

“म्हणजे मी बहिरा?”

“नाही. बारीक आवाज तेवढे कमी झालेत. करवतीनं. हळूहळू झालं, म्हणून कळलं नाही.”

“पण आधीच्या चार अल्बममध्ये मला थाळ्या ऐकू येतात. आजही.” तो जवळजवळ ओरडला. “तिथे कशा येतात?”

“ते तुम्ही शाबूत कानांनी ऐकलेत,” ती हळूच म्हणाली, आणि लगेच तेच पुन्हा मोठ्यानं म्हणाली. “आता कान जिथे सोडून देतात, तिथे तुमची आठवण वाजवते. पाचवा आला तोवर कान गेले होते. त्याची आठवण तुमच्याकडे नाहीच.”

त्यानं ती रेघ बोटानं खालपर्यंत गिरवली. मग उठला आणि निघून गेला. आत्या पर्स सावरत म्हणाली, “हा मला विसरून गेला की काय?”

खरंच विसरून गेला होता. आत्याला रिक्षात बसवून द्यायला तीच खाली गेली.

पुढच्या खेपेला आत्या एकटीच आली. “काय करून ठेवलंस गं माझ्या भाच्याचं?” खुर्चीत बसायच्या आतच तिनं सुरुवात केली. “परवा एका खिडकीचं माप चुकवलं त्यानं. जन्मात पहिल्यांदा. आणि गाणी बंद. कारखान्यात नुसती करवत. मला मशीन लावायला आणताना मोठा शहाणपणा शिकवत होता, आत्या, यात लाज कसली, चष्मा नाही का लावत... आता बोल म्हणावं.”

“ते रागावलेत का माझ्यावर?”

“तुझ्यावर कशाला रागावेल? त्याला वाटतं, आपण इतकी वर्षं मतं देत फिरलो, सगळं हसू झालं.” आत्यानं तिच्याकडे जरा निरखून बघितलं. “आणि तू गं? तुझं तोंड का उतरलंय?”

“माझं काही नाही,” ती म्हणाली, आणि आत्याचं मशीन दोनदा पुसलं.

त्याची आठवण येत होती. सरळ सांगायचं तर फार येत होती. बसमध्ये ती चौथा अल्बम ऐकायची, आणि शेजारी कुणी येऊन बसलं की बंद करायची.

मग एका दुपारी तो आला. एकटा, केस विंचरून, बाह्यांवर भुसा नाही.

“लावा,” तो म्हणाला. “काय असेल ते लावा. पण आधी पाचवा ऐकवा.”

तिनं दोन्ही कानांत मशीन बसवलं, संगणकावर जुळवणी केली. तो खुर्चीत हलला आणि दचकला. “हे काय वाजलं?”

“तुमचा शर्ट.”

“शर्टाला आवाज असतो?” त्यानं बाही पुन्हा घासली. टेबलावरचा कागद उचलून चुरगळला, सरळ केला, पुन्हा चुरगळला. मग तिनं पाचवा अल्बम लावला.

तो ऐकत राहिला. पहिलं गाणं संपलं, दुसरं सुरू झालं. मग त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला, आणि तिला दिसलं की त्याचे डोळे भरून आलेत.

“सगळीकडे आहे की तो,” तो म्हणाला. “एकही जागा सोडलेली नाही बिचाऱ्यानं. आणि मी... किती बोललो त्याला.”

“त्याला पत्ता नाही.”

“मला आहे ना.” तो ओल्या डोळ्यांनी हसला. “कदाचित हाच सगळ्यात चांगला असेल पाचांमधला. आता पहिल्यापासून सगळे ऐकायला लागणार. सगळी मतं नव्यानं.”

तो बोलत होता आणि खुर्चीत मागे टेकून बसला होता. नजर स्पीकरवर, खिडकीवर, त्या चुरगळलेल्या कागदावर. तिच्यावर सोडून सगळीकडे. व्हायचं तेच झालं, असं मनाशी म्हणत तिनं ड्रॉवरमधून पुठ्ठ्याचं कार्ड काढलं.

“शेवटची तपासणी. मी तोंड झाकून वाक्य म्हणते. ऐकू येईल तसंच परत म्हणायचं. बाकी काही बोलायचं नाही.”

“बरं.”

तिनं कार्ड ओठांसमोर धरलं. “सशाला सर्दी झाली.”

“सशाला सर्दी झाली.” त्याला हसू आलं.

“शेजारणीनं साखर सांडली.”

“शेजारणीनं साखर सांडली.”

सगळं अचूक. मशीन उत्तम बसलं होतं. आता तो उठेल, आभार मानेल, जाईल. कार्डामागे माणसाला जरा धीर येतो. तिनं आवाज अगदी खाली आणला... इतका खाली, की ऐकू आलं नाही तर दोष मशीनवर टाकता यावा.

“तुम्ही मला आवडता.”

स्पीकरवरचं गाणं संपलं होतं. तिचे कान तापले. आणि मग तिच्याच स्वरात, तितक्याच हळू, तो म्हणाला, “तुम्ही मला आवडता.”

परत म्हणायचंच होतं. सशाची सर्दीही त्यानं अशीच परत म्हटली होती. यातून काय समजायचं, काहीच नाही... ती कार्ड तसंच धरून बसली, कारण खाली घ्यायचं धैर्य होत नव्हतं.

“ते जरा बाजूला घ्या ना,” तो म्हणाला.

“कशाला? आता ऐकू येतंय सगळं. ओठ बघायची काही गरज नाही.”

“गरज नाहीच,” खुर्ची पुढे ओढत तो म्हणाला. “हौस आहे.”

तिनं कार्ड खाली ठेवलं. ती काहीच बोलली नाही, आणि तरी त्यानं ते वाक्य पुन्हा म्हटलं.