खिडकीतला बीम

देवाला दोन माणसांची गाठ घालायची असली, की तो कशाचं निमित्त करील याचा नेम नसतो. या दोघांच्या वेळी त्याच्या हाताशी एक बीम होता.

सोमवारी सकाळी आर्किटेक्ट ऑफिसच्या मॅडमनी फर्मान काढलं, "आजपासून वह्या बंद. नव्या वाचनालयाच्या कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये जे चुकलेलं दिसेल ते इश्यू म्हणून ट्रॅकरवर टाकायचं. आपलं सॉफ्टवेअर वेगळं, खालच्या मजल्यावरच्या इंजिनिअर मंडळींचं वेगळं, पण इश्यूंची यादी सगळ्यांना एकच दिसेल."

नोकरीला चार महिने झालेल्या आर्किटेक्ट मुलीनं मान डोलावली. पहिला इश्यू उघडला. लिहिलं, 'तुमचा बीम माझ्या खिडकीत आला आहे. कृपया काढून घ्यावा.' तो कुणाच्या नावावर टाकायचा ते कळेना, म्हणून तिनं सगळ्या नावांपुढे खूण केली.

सगळे म्हणजे बेचाळीस जण.

दहा मिनिटांत तिच्या टेबलापाशी कुणीतरी येऊन उभं राहिलं. बाहेर भुरभुर पाऊस होता, जिन्याच्या उघड्या खिडकीतून आत येत होता. त्याच्या चष्म्यावर दोन थेंब तसेच होते, आणि ते पुसायचं सोडून तो हसू दाबत होता.

"खिडकी तुमची का?"

"हो. आणि बीम...?"

"माझा. बाकीच्या सगळ्यांनी हात वर केलेत. म्हटलं, आपणच जाऊन माफी मागावी."

तिनं कपाळाला हात लावला. त्यानं स्टूल ओढलं.

"इश्यू एकाच्याच नावावर टाकायचा. सगळ्यांच्या नावावर टाकला, की तो कुणाचाच राहत नाही. आणि मॉडेलमध्ये तुम्ही जिथं उभं राहून बघता, ती जागा सोबत साठवायची. मी माझ्याकडे उघडलं, की मीही तिथंच उभा."

"म्हणजे मला दिसतं तेच तुम्हाला दिसणार?"

"तेच. अगदी तुमच्या उंचीवरून." बोलून गेला, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "आणखी एक... ज्यानं उघडला, त्यानंच बंद करायचा. दुसऱ्याला तो हक्क नाही."

तिनं जागा साठवली. जिन्याच्या मधल्या टप्प्यावरची रुंद खिडकी, तिच्याखाली बाक, आणि बरोबर डोळ्यांसमोर आडवा बीम.

"इथं बाक कशाला? जिन्यात कोण बसतं?"

"माझे बाबा," ती हळूच म्हणाली. "अर्ध्यावर दम लागतो त्यांना. कुणाला कळू नये म्हणून खिडकीतून बाहेर बघत उभे राहतात. म्हणतात, हवा छान आहे. तिथं बसायला जागा असली, तर खोटं बोलावं लागणार नाही..."

तो हसला नाही. चष्मा काढून पुसला, म्हणाला, "बघतो काय करता येतं."

मग तीन आठवडे त्या एका इश्यूखाली उत्तरांची माळ लागली. 'बीम वर सरकवला तर?' 'खिडकीचं कपाळ झाकेल.' 'बारीक केला तर?' 'वरचा मजला रुसेल.' 'रुसवा काढता येतो का?' 'शिकतोय...' बेचाळीस जणांना हे सगळं दिसतं, याचं भान दोघांनाही उरलं नव्हतं. एके दिवशी मध्येच ऑफिसातल्या वीजवाल्या काकांनी लिहिलं, 'आमच्या वायरींची इतक्या मायेनं कधी कुणी चौकशी केली नाही.' ती दिवसभर मान वर करीना.

आणि एका दुपारी त्याचं मॉडेल आलं. बीम खिडकीतून नाहीसा झाला होता. त्यानं तो खाली उतरवून टप्प्यालगत आणला होता, आणि त्याच्यावरच बाक बसवला होता. तिचा बाक आता त्याच्या बीमवर टेकला होता. ती बघत राहिली... पडद्यावर ऊन नव्हतं, तरी तिला तिथं ऊन दिसलं.

आता एवढंच उरलं, तिनं इश्यू बंद करायचा. आणि तिथंच तिचा हात अडला. काकांकडून तिला कळलं होतं, की हे काम संपलं की तो सोमवारपासून दुसऱ्या गावी, पुलाच्या कामावर.

चार दिवस तिनं इश्यू तसाच ठेवला. पाचव्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "संध्याकाळी मॉडेल मंजुरीला जायचंय. सगळी यादी मिटली, तुझा एकच राहिलाय. खिडकी सुटली ना? मग धरून काय बसलीस?"

तेवढ्यात तोच वर आला. "काही राहिलंय का त्यात?"

"राहिलंय."

"काय?"

"बंद केला, की तुम्ही जाल."

त्यानं कोरडा चष्मा उगाचच पुसला, आणि तो जिना उतरून गेला.

तिला बाबा आठवले, बाहेर बघत उभे असलेले. आपल्या मनासाठी त्यांचा बाक का अडवावा? तिनं इश्यू बंद केला.

मिनिटभरातच नवा इश्यू आला. 'बाक दोघांना पुरतो का?' तिनं उघडला, तर मॉडेलमध्ये ती बाकावर बसलेली होती. समोर खिडकी, शेजारी माणसाची राखाडी आकृती. खाली लिहिलं होतं, 'मापं बरोबर आहेत, पण बसून पाहिल्याशिवाय खात्री नाही. पूल तीन तासांवर आहे. मी दर रविवारी येईन. तुम्ही हो म्हणालात, तर जन्मभर.'

खाली बेचाळीस नावं.

पहिलं उत्तर वीजवाल्या काकांचं. 'वीज विभागाची हरकत नाही.' दुसरं मॅडमचं. 'संबंधितांनी वेळेत उत्तर द्यावे. मॉडेल मंजुरीला जायचे आहे.'

ती धावत खाली गेली. तो पडद्याकडे बघत पांढराफटक बसला होता.

"सगळ्यांना?"

"घाईत खूण सगळ्यांपुढे पडली..."

"आणि मला शिकवत होतात." तिनं वाकून एकेक करत एक्केचाळीस नावं काढली. एकच ठेवलं, स्वतःचं. त्याखाली लिहिलं, 'हो.'

"उत्तर मिळालं. आता बंद करा, नाहीतर मॉडेल अडेल."

"हा मी बंद करायचा नाही," तो म्हणाला, आणि इश्यूपुढे शेरा मारला, 'बांधकाम झाल्यावर जागेवर तपासणे.' मॉडेल मोकळं झालं.

ती वर निघाली. ऑफिसच्या जिन्याच्या अर्ध्यावर, टप्प्यावरच्या खिडकीपाशी थांबली. चेहरा कुणाला दिसू नये म्हणून बाहेर बघत राहिली.

खालून त्यानं विचारलं, "दमलात?"

"छे," ती म्हणाली. "हवा छान आहे."