तापीकाठच्या कोठीतल्या रेघा

उखर्डू सफेदी करायचा. बुऱ्हाणपुरात त्याच्या हातचा चुना नावाजलेला. आमच्या शालिग्रामबाबांचा तो मावसभाऊ. त्याची ही गोष्ट बाबा दापोऱ्याला ओट्यावर, कंदील बारीक करून सांगत. आधी पोरांना पाय वर घ्यायला लावत.

साल एकोणपन्नास, पौष अमावस्या. संस्थानं नुकतीच विलीन झाली होती. तेव्हा तापीच्या काठानं ओळीत पाच कोठ्या होत्या, मोठाले बंगलेच. चार कापसाच्या शेठांच्या, पहिल्या महायुद्धात कापसाचा भाव चढला तेव्हाच्या. पाचवी एका लहानशा संस्थानच्या राजाची, हिवाळ्यात हवा खायला बांधलेली. सगळ्यांत मोठी आणि पाण्याच्या सगळ्यांत जवळ. संस्थान गेलं, राजा मुंबईला गेला, कोठी सरकारजमा झाली. तिथं मुलींची शाळा निघणार होती. सकाळी मोठे साहेब बघायला येणार होते.

"भिंतीवर एक डाग दिसता कामा नये," ओव्हरसिअर उखर्डूला म्हणाला होता. "काम पसंत पडलं, तर तुला इथंच शिपाई लावून देतो."

चुना कालवायला उखर्डूची बायको सरुबाई सोबत होती.

"शिपाई झाल्यावर टोपी घालसान ना?" ती म्हणाली. "कान केवढे दिसतीन!"

"तू चुना घोट."

दिवाणखान्याच्या भिंतींवर लाल रेघा होत्या. एक गुडघ्याएवढी, एक कमरेएवढी, एक छातीला लागेल अशी. उखर्डूनं कुंचला बुडवला, तेवढ्यात धुरपदाबाई आली. राणीची जुनी मोलकरीण. आपलं बोचकं घेऊन कायमची गावाकडं निघाली होती.

"या रेघा राहू दे रे बापू. पूर घरात शिरला की राणीसाहेब पाण्याच्या कडेला कुंकवाची रेघ ओढत. म्हणत, माय, इथवरच. तापीमाय रेघेच्या वर कधी चढली नाही."

"आजी, राणी गेली, राज गेलं," उखर्डू हसला. "आता नदीबी सरकारची."

म्हातारी हसली नाही. बोचकं उचलून निघून गेली.

उखर्डूनं रेघांवर दोन हात मारले. एकही दिसेना.

रात्री अकराला सरुबाई गोणपाट टाकून तिथंच लवंडली. उखर्डू शिडीवर चढून वरची कड मारत राहिला. बाहेर नदी खाली गेलेली. पौषातली बारीक धार, पार वाळूच्या पलीकडं.

बाराच्या सुमारास त्याला भिंतीच्या बुडाशी ओल दिसली. बोटभर. चुना कच्चा राहिला असेल, असं त्याला वाटलं. पण चारही भिंतींवर ओल सारखीच होती. दोरी लावून आखल्यासारखी.

आणि ती चढत होती.

घोट्याएवढी... गुडघ्याएवढी...

खाली फरशी कोरडी. हवा कोरडी. पाणी कुठंच नाही.

मग त्याची नजर सरुबाईकडं गेली. तिचा पदर फरशीवरून उठला. सावकाश. मग केस सुटले. वर उठले. हलायला लागले, पाण्यात शेवाळ हलतं तसे.

"सरू..."

तिचं तोंड उघडलं. आवाज आला नाही. बुडबुड झाली फक्त.

त्यानं शिडीवरून उडी टाकली. त्याचे पाय कोरडेच. तिच्या काखेत हात घातले. उचलेना. कुणी खालून धरल्यासारखी. ओठ निळे. डोळे उघडे. ओल त्याच्या कमरेवर गेली.

रेघ! पण कुंकू कुठून आणायचं?

कुंकू तिच्या कपाळावर होतं. तेवढंच.

नवऱ्यानं जिवंतपणी बायकोचं कुंकू पुसायचं? त्याचा हात थांबला.

ओल छातीशी आली.

त्यानं पुसलं. अंगठ्यानं, एका दमात. भिंतीकडं धावला. ओल्या चुन्यावरून अंगठा ओढत नेला.

"माय... चुकलो. इथवरच. माय, इथवरच..."

ओल रेघेला येऊन टेकली. थांबली.

...

केस खाली पडले. पदर खाली पडला. सरुबाईनं श्वास घेतला.

सकाळी साहेबांनी पांढऱ्या भिंतीवर ती लाल रेघ पाहिली. नोकरी गेली. उखर्डूनं पुन्हा कधी त्या नोकरीचं नाव काढलं नाही.

पण ते सकाळचं. त्याआधी, अजून अंधार असताना, त्यानं सरुबाईला उचलून बाहेर पायरीवर आणलं होतं. शेजारच्या देवळातलं कुंकू आणून आधी तिच्या कपाळाला लावलं. मग ती खोकायला लागली. खूप वेळ खोकली. शेवटी काहीतरी तिच्या तळहातावर पडलं. तिनं हात पुढं केला. उखर्डूनं कंदील जवळ धरला.

बोटाच्या पेराएवढी मासोळी होती. तिचे कल्ले हलत होते.