गट चौसष्टमधलं घर

अबूबकरभाईंचं पत्र बुधाजी गुरुजींनी आठ महिने शब्दकोशात दडवलं होतं. उत्तर लिहायला बसलं की हात थांबायचा. आपल्याला खरंच आठवतंय, की वाचलेल्या एखाद्या गोष्टीतलं घर आठवणीत येऊन बसलंय? दहिवलीच्या वाचनालयात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला असा संशय यायचाच.

पत्र छोटं होतं. ‘गुरुजी, २०१५च्या आराखड्यात आमची जागा हरित पट्ट्यात गेली. आराखड्याआधीचं घर राहतं, नंतरचं पाडतात. आमचं नंतरचं, असं नगरपरिषद म्हणते. दार बसायच्या आधी ईदेला तुम्ही आला होतात, उंबऱ्यावर बसून शीरखुर्मा खाल्ला होतात. पुढे उशीर झालेल्या पुस्तकाचं तुमचं स्मरणपत्रही त्याच घरी आलं. पुस्तक परत केलं. पान दुमडलं नाही, खूण घालून वाचलं. वर्ष तेवढं कळवा.’

जानेवारीतल्या एका सकाळी भाईंची मुलगी आयशा वाचनालयात आली. सोबत हर्षला होती. जमिनीच्या प्रकरणांचा खासगी तपास हा तिचा धंदा. पुढच्या सोमवारी सुनावणी होती, शेवटची.

“अब्बा म्हणतात, पत्र गुरुजींच्या हाती पोचलंच नसेल,” आयशा म्हणाली.

बुधाजींनी मान खाली घालून शब्दकोशातून पत्र काढलं. हर्षलाने ते दोनदा वाचलं.

“काका, जागा बघायला सोबत चला. बोलायचं काही नाही.”

“ते मला जमतं.”

धुकं इतकं होतं की बांधावरून चालताना पाय आपलेच आहेत का, असं बुधाजींना वाटत होतं. दोन्ही बाजूंना हिरवागार वाल शेंगांनी लवला होता. कुठूनसा शेंगा भाजायच्या पोपटीच्या मडक्याचा धुरकट वास येत होता.

हर्षलाने परिषदेच्या फाइलमधल्या फोटोची प्रत दाखवली. मागे ओळखीचा डोंगर, पुढे कोरडी, उघडी जमीन, तिच्यावर दोन काळे चौकोन. घर नाही. खाली तारीख, जानेवारी २०१४.

शेजारच्या शेतात सोनुबाई शेंगा तोडत होती.

“भाईंच्या जागेत आधी काय होतं, मावशी?”

“आमची भाताची दाढ गं. शेण नि झाडांचा कवळ पसरून होळीनंतर राब भाजायचो. भाईनी जागा घेतली नि थितला राब बंद झाला.”

“कुठल्या साली?”

“साल मला नाय ठावं. गुरुजीना इचार की. येवढी पुस्तकं खाल्लीत त्यानी.”

बुधाजी वालाकडे बघत राहिले.

परिषदेतल्या योगेंद्र लिपिकाच्या टेबलाखाली पोपटीसाठी आणलेल्या भांबुर्ड्याच्या पाल्याची पिशवी होती. “फोटो तक्रारदाराने दिला. मी कागद बघतो, मॅडम. जमीन बघतो ती घरची, रविवारी.”

तक्रारदार पदूशेठ. भाईंच्या घरामागची सगळी जमीन त्याने घेतली होती. तो परिषदेच्या दारातच भेटला.

“फोटो मीच काढला. जानेवारीतच. जॅकेट घातलं होतं, चांगलं आठवतंय.”

“तुम्ही इथलेच?”

“ठाण्याचा. मन मात्र इथं रमतं. मागे रिसॉर्ट करतोय, काका. तुम्हाला वाचायला शांत जागा.”

“हरित पट्ट्यात?” हर्षलाने विचारलं.

“कृषी पर्यटन म्हणतात त्याला.”

“आणि मागे जायला रस्ता?”

“होईल की,” म्हणत पदूशेठने भाईंच्या घराच्या दिशेने पाहिलं.

दुपारी हर्षलाने सगळ्यांना वाचनालयात बसवलं. धुळीच्या तिरप्या उन्हात माणसं पुस्तकांसारखी ओळीने बसली.

“हे काळे चौकोन म्हणजे भाजलेला राब, भाताची रोपं करायला जाळलेली जमीन,” ती म्हणाली. “तो होळीनंतरचा, पावसाआधीचा. जानेवारीत इथं वाल असतो. सकाळी आम्ही त्यातूनच चालत आलो. सोनुबाई किंवा योगेंद्र ही चूक करणार नाहीत. तारीख टाकणाऱ्याने या शेतात कधी पाऊल ठेवलेलं नाही. जॅकेट घालून तर नाहीच.”

योगेंद्रने फोटो हातात घेतला. “रोज डोळ्यांसमोर होता,” तो ओशाळून म्हणाला.

“महिना चुकला असेल,” पदूशेठ म्हणाला.

“वर्षही. भाईंनी जागा घेतल्यावर राब बंद झाला, आणि खरेदीखत २०१०चं आहे. कुणाचा तरी जुना फोटो आणून तुम्ही खाली तारीख घातलीत. हे घर गेलं की तुमचा रस्ता मोकळा.”

“बरं, फोटो जाऊ द्या. म्हणून घर आराखड्याआधीचं ठरतं का?”

आयशाचा चेहरा उतरला. हर्षला बुधाजींकडे वळली. “काका, भाईंनी उशीर केला ते पुस्तक कुठलं?”

बुधाजी झोपेत चालल्यासारखे उठले. तिसरं कपाट, खालचा कप्पा. विहिरींवरचं जाडजूड पुस्तक; भाईंनंतर कुणी नेलंच नव्हतं. मधोमध उघडल्यावर पिवळं पोस्टकार्ड बाहेर आलं. अक्षर त्यांचंच. ‘नवे घर, गट ६४.’ हा पत्ता भाईंनी ईदेला उंबऱ्यावर सांगितला होता. टपालाचा शिक्का, ऑक्टोबर २०११.

“पत्रात लिहिलं होतं भाईंनी,” हर्षला म्हणाली. “खूण घालून वाचलं. खूण म्हणजे तुमचंच स्मरणपत्र.”

पदूशेठ चपला शोधू लागला.

“कार्ड फाइलला लावता येईल,” योगेंद्र म्हणाला. “पण घर डोळ्यांनी पाहिल्याचं गुरुजींनी लिहून द्यायला हवं.”

“लिहून माझ्याकडे द्या, गुरुजी, मी नेते,” आयशा म्हणाली.

“नको. त्यांनी टपालाने विचारलं होतं.”

बुधाजींनी लिहिलं, ‘अबूबकरभाई, वर्ष २०११. दार नव्हतं, उंबरा होता. मी त्यावर बसलो होतो. सुनावणीला येतो, बोलायचं काय ते मी बोलेन. उशीर झाला, माफ करा.’

चौकातल्या लाल पेटीत त्यांनी पाकीट टाकलं. मग, न राहवून, आत हात घालून ते अडकलं तर नाही ना, हे एकदा चाचपून पाहिलं.