बाटलीतला पुदिना

"थांबा! डब्याला हात लावू नका!" दिपाली ओरडली. "आधी पुरावे बघायचे!"

अंगणातल्या नळाजवळ ठेवलेल्या तेलाच्या जुन्या डब्यातला आईचा पुदिना दोन दिवसांत करपला होता. तिचा धाकटा भाऊ सोमेश्वर रडवेला झाला. दिवाळीची सुट्टी चालू होती आणि दहा दिवसांनी आई-बाबा मुलांना गावी ठेवून ऊसतोडीला निघणार होते. दरवर्षी हा डबा आईबरोबर जायचा. "उसाच्या फडावरच्या कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत, घरचा वास आला की मला करमतं," असं ती म्हणायची. यंदा तिने काय न्यायचं?

शेजारची सायली गुडघ्यांवर बसून डबा न्याहाळू लागली. "नळाकडचीच पानं जळालीत! नळाखालचं गवतबी! मागची फांदी मात्र हिरवीगार हाय."

परवा नळावर फवारणीचा पंप कोण धुवत होतं? भारतकाका!

मुलांनी जाऊन विचारलं, पण काका सहजासहजी कबूल होणारा माणूस नव्हे. "माझ्यामुळं कसं? नुसतं पाणी व्हतं त्ये!"

"मग बरं झालं," दिपाली गरीब चेहऱ्याने म्हणाली. "आज पंप धुतला की त्ये पाणी आमी तुमच्या मेथीला घालतो!"

"न्हाई, न्हाई! तणनाशक हाय त्यात, मेथी जळंल की!" काका बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

मग सायलीने तिच्या मावशीची युक्ती सांगितली. हिरव्या फांदीच्या दोन काड्या कापल्या, खालची पानं काढली आणि काड्या पाण्याच्या बाटलीत ठेवल्या. रोज पाणी बदललं. चार दिवस काहीच झालं नाही.

सातव्या सकाळी सोमेश्वर किंचाळला, "दिपे! धाव!"

काड्यांच्या पेरांतून पांढरी मुळं फुटली होती, शिवणकामाच्या दोऱ्याहून बारीक! माती नाही, खत नाही! ज्या काडीला मूळच नव्हतं, तिने ते स्वतःच काढलं होतं. तिघंही बाटलीला नाक लावून बघत राहिली. एवढी मोठी गोष्ट एवढ्या गुपचूप होते, याचं दिपालीला फार नवल वाटलं.

निघायच्या दिवशी काकाने स्वतः डब्यात नवी माती भरली. "लई हुशार लेकरं! आता पंप शेतातच धुतो, बाबांनो!"

आईने एक काडी डब्यात लावली, दुसरी घरासाठी बाटलीत ठेवली आणि तिघांना जवळ घेतलं.

"आई, तिकडंबी आसाच वास येईल?" सोमेश्वरने विचारलं.

"येईल की! दोन्ही एकाच झाडाच्या हायत."

गाडी वळणाआड गेली. सोमेश्वरने बाटली नाकाशी धरली आणि डोळे मिटले.