दारखानच्या गाडीचा लाल दिवा

पटलं तर ठेवा, नाही तर सोडून द्या. पण यातलं एक अक्षर मी पदरचं घातलेलं नाही.

हे माझ्या सख्ख्या साडूच्या बाबतीत घडलं. त्याचं नाव कुआनिश. अल्माटीत रायिम्बेक रस्त्याच्या मागे त्याचं गॅरेज आहे. सगळ्या महागड्या, पळणाऱ्या गाड्या तिथे येतात.

डिसेंबरातला शुक्रवार होता. रात्र नव्हती, हे आधीच सांगतो.

दुपारचे तीन वाजले होते.

गॅरेजमध्ये कुआनिश एकटा होता. आणि समोर लिफ्टवर दारखानची काळी गाडी.

दारखान त्याचा भागीदार. ऑक्टोबरात छातीत कळ येऊन गेला. चाळिसावा दिवस नुकताच झाला होता.

आता खरं सांगायचं तर कुआनिश दारखानवर जळायचा. गॅरेज आधी कुआनिशचं होतं, दारखान मागून आला. पण गिऱ्हाइकाने दारात पाऊल टाकलं की विचारायचं, "दारखान आहे का?" तो नसला तर म्हणायचं, "मग उद्या येतो." बारा वर्षं हे ऐकून माणसाच्या पोटात दुखणार नाही तर काय होणार?

त्यातून ही गाडी. भंगारातून आणलेली. दारखानने चार वर्षं खपून ती उभी केली होती. आठ सिलिंडरचं इंजिन असं चालायचं की शेजारचे गॅरेजवाले हातातलं काम टाकून ऐकत राहायचे.

कुआनिशला ती गाडी हवी होती. अगदी जीव टाकत होता तो तिच्यावर. दारखान गेल्यावर तर जास्तच.

दारखानच्या बायकोने, राउशानने, गाडी दोन दिवसांपूर्वी आणून सोडली होती. स्टिअरिंगसमोरचा लाल दिवा सारखा लागत होता. इंजिनात तेलाचा दाब पडला की लागतो तो दिवा.

कुआनिशने दाब मोजून पाहिला. उत्तम होता. बिघडला होता तो फक्त स्विच. अंगठ्याएवढी वस्तू. अर्ध्या तासाचं काम.

नवा स्विच आणलेलाही होता.

पण त्या सकाळी राउशानचा फोन आला.

"भावजी, काय म्हणते गाडी?"

कुआनिशच्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, इंजिन बसलंय. काही राहिलं नाही त्यात."

राउशानने पुन्हा विचारलं,

"खरंच काही राहिलं नाही?"

"मी तुमच्याशी खोटं बोलेन का?"

"बरं," ती म्हणाली. "संध्याकाळी येते."

त्याचा हिशोब सरळ होता. जुनाच खराब स्विच परत बसवायचा. दिवा लागत राहील, ती घाबरेल. मग आपण मोठ्या मनाने म्हणायचं, जाऊ दे वहिनी, मी घेतो ठेवून.

तीन वाजता त्याने गाडी वर घेतली. जुना स्विच खोलला. कोमट तेलाची धार कोपरापर्यंत आली.

आणि वास आला...

इंजिनच्या तेलाचा नव्हे.

कढईत शेलपेकची पातळ पोळी तळल्याचा वास.

गेलेल्या माणसाच्या नावाने शुक्रवारी सात शेलपेक तळतात. तेलाचा वास सुटला की तो त्याला पोचतो, असं आपण मानतो. पण गॅरेजमध्ये चूल नव्हती. आजूबाजूला घरही नव्हतं. आणि कुआनिशने दारखानच्या नावाने आजवर एकाही शुक्रवारी काही तळलं नव्हतं.

त्याने नाक पुसलं. जुनाच स्विच पुसून परत आवळला आणि गाडी खाली घेतली.

चावी फिरवली.

समोरचे सगळे दिवे लागले...

तो एक सोडून.

इंजिन सुरू केलं. मऊ, भरलेला, दारखानच्या हातचा आवाज. लाल दिवा काही लागेना.

"आता का रे बाबा?" कुआनिश पुटपुटला. "दोन दिवस तर डोळे वटारून बसला होतास."

त्याने गाडी परत वर घेतली. स्विचची वायर ओढून काढली आणि तिचं टोक इंजिनच्या लोखंडाला बांधून टाकलं. असं केलं की दिवा लागतोच. इंजिन नवं असो, जुनं असो. शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं हे.

गाडी खाली. चावी.

दिवा नाही.

कुआनिश घाबरला. पण भीतीपेक्षा चीड जास्त होती, असं तो मला स्वतः म्हणाला. मेल्यावरही हा माणूस माझं काम खोटं पाडतो!

"दारखान!" तो रिकाम्या गॅरेजमध्ये ओरडला. "मेलास ना तू? मग जा की! एक गाडी तरी मिळू दे मला!"



वायर सोडवायला त्याने गाडी तिसऱ्यांदा वर घेतली. बॅटरीचा झोत खाली धरला.

वायर स्विचवर होती. नीट खोचलेली.

आणि स्विचवर पिवळी रेघ...

दारखानची खूण होती ती. कुठलाही नट शेवटचा आवळला की त्यावर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायचा. म्हणजे हे झालं, आता याला हात लावू नका.

कुआनिशने बोट लावलं.

रंग ओला होता.

रंगाची बाटली दारखानच्या खणात होती. खण उघडला. बाटली होती. उन्हाळ्यापासूनची, सुकून दगड झालेली.

त्याच क्षणी फोन उचलून "वहिनी, मी चुकलो, इंजिन ठणठणीत आहे," एवढं म्हणायचं होतं. अजून दीड तास होता हातात.

ते त्याने म्हटलं नाही.

त्याला वाटलं, दारखान आपली जिरवतोय. बारा वर्षं जिरवली तशी. हट्टाला पेटून त्याने गाडी खाली घेतली आणि तो स्टुलावर बसून राहिला.

पाच वाजता राउशान आली. सोबत ताराझ गावचा एक लठ्ठ माणूस आणि बाहेर ओढगाडी.

"भावजी, हे गाडी घेऊन जातायत. सुटे भाग काढून विकतात. सकाळीच शब्द दिला यांना."

"विकली?" कुआनिश उठून उभा राहिला. "मला न विचारता?"

राउशानने मान खाली घातली. "तुम्हाला विकायची नव्हतीच. द्यायची होती. तो दवाखान्यात शेवटी हेच सांगून गेला. गाडी कुआनिशला दे, माझ्यानंतर तिला तोच सांभाळेल."

कुआनिशचा हात गाडीच्या टपावर गेला.

"पण तुम्ही म्हणालात, इंजिन बसलंय. गेलेल्या माणसाची आठवण मोडकी कशी देणार? तुमच्या घरात फुटकी वस्तू पाठवली, असं माझ्या माथी नको. म्हणून हे आणलंय."

तिने पिशवीतून दारखानचा गडद निळा चापान, त्याचा लांब अंगरखा, काढला आणि त्याच्या हातांवर ठेवला. "एक एक शिवण तपासली मी. कुठे उसवलेला नाही."

तोवर ताराझवाला गाडीत जाऊन बसला होता. सहज म्हणून त्याने चावी फिरवली.

इंजिन सुरू झालं.

राउशानने तो आवाज कित्येक वर्षं रोज संध्याकाळी दारात ऐकला होता. ती गाडीकडे वळली. मग हळूच कुआनिशकडे.

"भावजी... हे तर चालतंय."

ताराझवाला खिडकीतून डोकं काढून हसला. "अहो, मोडीत घ्यायला आलो आणि घोडा मिळाला! ओढगाडी कशाला? चालवतच नेतो. आता मागे फिरायचं नाही हं, वहिनी, शब्द म्हणजे शब्द."

कुआनिशला आता कळलं. ज्या माणसावर तो बारा वर्षं जळला, तो दुपारभर त्याच्याचसाठी धडपडत होता.

राउशान निघून गेली. गाडी तिच्या मागून दाराबाहेर पडली, धुरकट रस्त्यावर वळली, दिसेनाशी झाली.

कुआनिशने शटर ओढलं.

आणि थांबला...

इंजिनचा आवाज येत होता.

बाहेरून नाही. आतून. रिकाम्या लिफ्टपाशी, मऊ, भरलेला, एका लयीत.

तो आवाज अजून येतो म्हणतो. दर शुक्रवारी, तीन ते पाच. तिथे तो आता दुसरी गाडी लावत नाही.

मी त्याची थट्टा केली. "साडू, दारू कमी कर," म्हटलं. तो हसला नाही. गेल्या शुक्रवारी तो मला घेऊन गेला आणि शटर लावलं.

मी कान देऊन उभा राहिलो. मला काहीही ऐकू आलं नाही. तसं सांगायला मी त्याच्याकडे वळलो, तर तो डोळे मिटून रडत होता.

म्हणून मी खाली वाकलो आणि रिकाम्या जागेवर तळहात टेकला.

बाहेर उणे चौदा होतं. हीटर बंद होता.

फरशी गरम होती.