दमल्या पावलांचं दान

"चाल चाल पावला, ऊन आलं माथी,
सावलीच्या झाडापाशी कोन येते साथी?"

शाळेच्या वाटेवर आई पुढं चालायची आणि चालता चालता असं काहीबाही जुळवून गायची. मागून धापा टाकत येणाऱ्या लहानग्या शलाकाला तेव्हा वाटायचं, आईच्या पायांना दमणं ठाऊकच नाही. तो आवाज आज, जानेवारीतल्या धुकट सकाळी, नागपूरच्या मॅरेथॉनच्या गर्दीत बुटाची नाडी बांधताना तिला एकाएकी ऐकू आला.

भोवती जो तो पायांत करड्या रंगाचे पातळ मोजे चढवत होता. लोक त्यांना चालमोजे म्हणत. त्यांच्या विणीत केसाहून बारीक तारा होत्या. टाच कधी टेकली, बोटं कधी उचलली, अंगाचा भार कुठून कुठं सरकला, हे सगळं त्या टिपून घेत आणि पाऊलपेढीत धाडत. रक्तपेढीत रक्त, तशी या पेढीत पावलं. ज्यांच्या मेंदूचा निरोप पायांपर्यंत पोचत नसे, त्यांच्या कमरेला एक पट्टा बांधला जाई. तो पट्टा दान आलेली पावलं मज्जारज्जूला हलकेच सांगे, आणि विसरभोळे पाय पुन्हा उचलू लागत.

"मागल्या खेपेले यानं मले कोन्या पोलिसाची चाल देल्ली होती," चाकाच्या खुर्चीतून तिची आई, रत्नमालाबाई म्हणाल्या. "छाती काढून चालवे मले. घरात चोर शिरल्यावानी!"

"काकू, तो बँकेतला कारकून होता," पेढीचा तंत्रज्ञ इरफान हसत म्हणाला.

"मंग त्याले सांग, बँकेत असा चालू नको. लोक पैसे काढून घेतीन."

इरफान शलाकाकडं वळला. "रक्ताच्या नात्यातली चाल लवकर जुळते, ताई. आणि एक ध्यानात ठेवा, सुंदर पळू नका. ताज्या पायांची पावलं आमच्याकडं ढिगानं पडलीत. पेशंट पडतो तो दमल्यावर. दमलेलं अंग पडता पडता स्वतःला कसं सावरतं, ते हवंय. ते शेवटच्या दहा किलोमीटरांतच सापडतं."

शलाकानं मान डोलावली. तिलाही तेच हवं होतं, पण वेगळ्या कारणासाठी.

आईचा आजार एकदम कोसळला नव्हता. आधी डाव्या पायाचं बोट जमिनीला घासू लागलं, तेही फक्त दमल्यावर. "आताशा चपलाच धड येत नाहीत," म्हणत आईनं दोन वर्षं रेटली. दवाखान्यात गेली तोवर मज्जातंतू पार झिजले होते. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, हा आजार मुलांमध्ये उतरू शकतो. उतरेलच असं नाही. रक्त तपासलं की कळेल. शलाकानं रक्त दिलं नव्हतं. आणि गेल्या उन्हाळ्यापासून तिच्या डाव्या बुटाचं टोक झिजत होतं. दमल्यावर आपलंही बोट घासतं का, हे तिला आज स्वतः पाहायचं होतं.

हे तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. आई नुकती कुठं पुन्हा उभी राहायला धजत होती. लेकीला आपणच हे दिलं असं कळलं, तर ती पट्टा काढून ठेवील आणि पुन्हा हात लावणार नाही, हे शलाका जाणून होती.

पहिली फेरी झुळकीसारखी गेली. रस्त्याकडेला बायका मीठ लावलेल्या संत्र्याच्या फोडी हातावर ठेवत होत्या. दुसऱ्या फेरीत ऊन चढलं, मांड्या जड झाल्या, आणि एका साध्या सपाट रस्त्यावर डावं बोट अडलं. खर्र. ती झोकांडली, सावरली. पुन्हा खर्र.

भीती वाटायला हवी होती, वाटलीही. पण तिच्या मागोमाग एक विचित्र कुतूहल जागं झालं. आपण न सांगता कंबर काहीतरी करते आहे! बोट अडायच्या जरासं आधीच डावी बाजू वर उचलली जाते, उजवा गुडघा थोडा वाकतो, आणि पाय निसटून पुढं जातो. अंगाला हे शिकवलं कोणी? स्वतःच्याच अंगणात अनोळखी पाहुणा बसलेला दिसावा, तशी ती स्वतःच्या पायांकडं बघत राहिली. मोजे काढून फेकले असते तरी कोणी विचारणार नव्हतं. तिनं ते काढले नाहीत. धावत, मग चालत, मग नुसतीच पुढं सरकत तिनं शेवटची कमान ओलांडली.

आठवड्यानं पेढीच्या दालनात इरफाननं आईच्या कमरेला पट्टा बांधला. आई उठली. एक पाऊल, दुसरं. मग कठड्यावरचा हात सुटला. दालन ओलांडून, उंबरा ओलांडून ती थेट व्हरांड्यात गेली आणि तिथून मागं वळून ओरडली, "पाह्यलं का व! हे माहीच चाल आहे! दुसऱ्याची वाटूनच नाही राह्यली!"

शलाकाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. इरफान मात्र पडद्यासमोर गोंधळून बसला होता.

"अशी जुळणी मी आजवर पाहिली नाही," तो पुटपुटला. "बोट अडायच्या आधीच कंबर उचलते. दमल्यावर सगळेच पाय ओढतात, पण अशी युक्ती कोणाचं अंग करत नाही. कमालच आहे, ताई. आजच बाकीच्यांना देतो. शेजारच्या खोलीत पाटणकर काका वाट बघताहेत, अपघातातून उठलेत."

तो उठला. उघड्या दारातून शलाकाला कठडा धरून पाय टाकणारे पाटणकर काका दिसले. त्यांचं बोट कुठंच अडत नव्हतं. न अडणाऱ्या पायाखाली कंबर अशी अवेळी उचलली गेली, तर म्हातारा माणूस तोंडावर आपटेल. आणि व्हरांड्यात आई अजून चालत होती, एकटी, मान वर करून.

"थांबा, इरफानभाई. ही पावलं कोणाला देऊ नका."

"का?"

आई थांबली. लेकीचा आवाज तिनं ओळखला होता.

"कारण ती धडधाकट माणसाची नाहीत," शलाका म्हणाली. "आई, माझंही डावं बोट अडतं. उन्हाळ्यापासून. तू पट्टा सोडशील म्हणून बोलले नाही."

मग आई वळली आणि तीच पावलं टाकत लेकीपाशी आली.

"अन् असा पाय घेऊन तू इतकं पळालीस?" आई म्हणाली. "अक्कल आहे का तुले, पोट्टे?" तिनं शलाकाचं मनगट घट्ट धरलं. पट्टा काढायला हात मात्र नेला नाही.

"या आजाराची इतकी सुरुवातीची पावलं कोणाकडंच नाहीत," इरफान हलक्या आवाजात म्हणाला. "सगळे उशिरा येतात. काकूंसारखेच."

"उद्या रक्त देते मी," शलाका म्हणाली. मग पडद्यावर संथ चमकणाऱ्या, पेढीतल्या त्या असंख्य अनोळखी पावलांकडं तिची नजर गेली. "पण एक सांगा, इरफानभाई. यातली आणखी किती अशी असतील, ज्यांच्या धन्यांना अजून काहीच ठाऊक नाही? आणि त्यांना सांगायला कोण जाणार?"